कडी जिन्याच्या बाजूला

भिंत आली तेव्हा मी स्टेजच्या मधोमध खुर्चीत बसून न बोलण्याची तालीम करत होते.

हसायचं काम नाही. माझ्या धाकट्या पोरानं लिहिलेल्या या नाटकात दोन भाऊ घराच्या मधोमध भिंत घालतात. एका बाजूला एक राहतो, दुसऱ्या बाजूला दुसरा, आणि त्यांची आई भिंतीच्या पुढच्या टोकाशी, प्रेक्षकांच्या अगदी तोंडावर, खुर्ची टाकून बसते. पहिल्या अंकात तिला बोलायला आहे. दुसऱ्या अंकात भिंत उभी राहते आणि मग पडदा पडेपर्यंत आईनं ओठ हलवायचे नाहीत. धाकटा मला म्हणाला, "आई, तुझं गप्प बसणं हेच नाटकातलं सगळ्यात मोठं वाक्य आहे." एवढं मोठं वाक्य मी उभ्या आयुष्यात म्हटलं नव्हतं. मला वाचता येतं ते दुकानांच्या पाट्यांपुरतं. माझ्या सगळ्या भूमिका मी ऐकून पाठ केल्या, आधी नवऱ्याच्या तोंडून आणि तो गेल्यावर मोठ्या सुनेच्या. पण गप्प बसणं ऐकून कसं पाठ करतात, ते दोघांपैकी कुणी शिकवलं नाही.

तर भिंत आली. माझा थोरला आणि त्याच्या सुतारकामाच्या कारखान्यातले दोघं तिला मागच्या दारानं आडवी करून घेऊन आले. उभी केली, पायाशी वजनं ठेवली, आणि थोरल्यानं तिला खांद्यानं एक धक्का दिला. हलली नाही. त्याचं काम असंच. दुसऱ्यांच्या नाटकात दार आपटलं की भिंतीवरचं घड्याळ झुलतं. आमच्याकडे नटाचं डोकं फुटेल, पण भिंत जागची हलणार नाही. मधोमध खरं दार, खऱ्या बिजागऱ्या, आणि लोखंडी कडी, बोटाएवढी जाड.

धाकटा खाली खुर्च्यांच्या रांगांत उभा राहून भिंतीकडे असा बघत होता, जसा काही पेपर तपासतोय. मग वर आला. नाटकातल्या धाकट्या भावाचं काम त्याचंच. आपल्या खोलीच्या बाजूला गेला, दारावर हात ठेवला आणि हात तसाच राहिला. त्या बाजूला कडी नव्हती. त्यानं फटीला डोळा लावला. कडी पलीकडे होती.

तो मास्तरणीकडे वळला. मास्तरीण म्हणजे त्याची बायको, शाळेत चित्रकला शिकवते, लग्न होऊन आमच्यात आली त्याला फार दिवस झालेले नाहीत.

"त्यांना सांग," तो म्हणाला, "कडी चुकीच्या बाजूला बसली आहे."

"त्यांना" म्हणजे सख्ख्या भावाला. तो हाकेच्या काय, ठोशाच्या अंतरावर उभा होता.

मास्तरीण ते अंतर चालून गेली आणि सांगितलं. थोरल्यानं कानावरची पेन्सिल काढली, तिच्याकडे बघितलं आणि परत कानावर ठेवली. म्हणाला, "त्याला सांग, सांगितली तशीच बसवली आहे."

मास्तरीण परत आली. मी तोंड उघडलं, पण मग माझं ते सगळ्यात मोठं वाक्य आठवलं आणि गप्प बसले. तालीम ती तालीम.

हे दोघं बोलेनासे झाले ते वर्तमानपत्रामुळे. गेल्या नाटकाच्या वेळी धाकट्याची मुलाखत छापून आली. त्यात तो म्हणाला होता की खऱ्या रंगभूमीला नट पुरतो, बाकी लाकूड म्हणजे अडगळ. मोठ्या सुनेनं ते मला वाचून दाखवलं, आणि तिचा नवरा म्हणजे आमचा थोरला तेव्हा दारात उभा होता. तो आत आला. जेवला, हात धुतले, आणि दुसऱ्या दिवसापासून धाकट्याशी बोलणं बंद. धाकट्याला वाटलं, दादा दोन दिवसांत विसरेल. मग दादा विसरला नाही याचाच धाकट्याला राग आला. त्याच्या डोक्यात सगळं असं उलटं शिजतं. आणि मग पठ्ठ्यानं नाटक लिहिलं कसलं, तर भिंतीचं. लाकडावाचून पान हलत नाही असं.

थोरल्यानं भिंतीचं काम नाकारलं नाही. मला वाटतं, तो मनातून खूश होता.

पण खरी भानगड पुढेच होती. एका मोठ्या नाटक कंपनीचे मालक त्याच दुपारचा प्रयोग बघायला येणार होते. त्यांनी धाकट्याला कायमचं आपल्याकडे बोलावलं होतं, आणि प्रयोग झाल्यावर तो त्यांना उत्तर देणार होता. ही गोष्ट त्यानं फक्त बायकोला सांगितली. बायकोनं फक्त जावेला सांगितली. जावेनं फक्त मला आणि आपल्या नवऱ्याला. आमच्या घरात गुपित असं एकेका माणसालाच सांगतात. नाटकाच्या शेवटी धाकटा भाऊ कडी काढतो, झोपलेल्या मोठ्या भावाच्या खोलीतून जातो आणि घराबाहेर पडतो तो परत न येण्यासाठी. ते पान वाचून झाल्यावर मोठ्या सुनेनं कागद मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, कळलं. पोरानं राजीनामा दोन अंकांत लिहिला होता.

नवऱ्यानं आणि मी ही आमची नाटक कंपनी उभी केली ती दोन्ही पोरांसाठी. एकानं उभं करायचं, दुसऱ्यानं त्यावर उभं राहायचं. त्यातला एक गेला तर उरलेला नुसता सुतार आणि गेलेला नुसता नट. मला ते नको होतं. मला कंपनी एकच हवी होती, बाकी त्यांनी एकमेकांचे केस उपटले तरी चालेल.

आता कडी चुकीच्या बाजूला कशी गेली ते सांगते, म्हणजे दोष कुणाला द्यायचा ते तुमचं तुम्ही ठरवा.

आमच्या कंपनीत उजवं-डावं नाही. नट स्टेजवर उभा राहून समोर बघतो, सुतार समोर उभा राहून स्टेजकडे बघतो, म्हणजे एकाचं उजवं ते दुसऱ्याचं डावं. त्यावरून इतकी भांडणं व्हायची की माझ्या नवऱ्यानं ते शब्दच बंद केले. आमच्या जुन्या तालमीच्या खोलीत एका बाजूला खिडकी होती, दुसऱ्या बाजूला जिना. तेव्हापासून आम्ही "खिडकीकडून ये", "जिन्याकडे जा" असंच म्हणतो. ती खोली सोडून जमाना झाला. आता कुठल्याही थिएटरात गेलो तरी नटाच्या उजव्या हाताला खिडकी आणि डाव्या हाताला जिना, मग तिथं नुसती विटांची भिंत का असेना. बाहेरून आलेला एक दिवेवाला बिचारा खिडकी शोधत फिरला होता.

धाकट्यानं मास्तरणीला निरोप दिला, कडी खिडकीच्या बाजूला हवी. मास्तरीण कारखान्यात गेली. तिचं मन मी सांगते, कारण तिनं ते मला नंतर रडून सांगितलं. थोरला भुशात उभा, मशीन चालू, तिला ओरडून बोलावं लागत होतं. तिला वाटलं, कुठली खिडकी आणि कुठला जिना, इथं ना हे ना ते, नीट सांगावं, गोंधळ नको. नवरा स्टेजवर कसा उभा राहतो ते तिनं डोळ्यांपुढे आणलं आणि ओरडली, "कडी उजवीकडे."

थोरल्यानं मशीन बंद केलं. "उजवीकडे?"

"हो भाऊजी. उजवीकडे."

थोरला भिंत प्रेक्षकांच्या अंगानं बघतो. त्याची उजवी म्हणजे जिना. पण त्याला शंका आली नाही असं नाही. त्यानं घरी येऊन बायकोला सांगितलं, आणि बायकोनं मला. तो म्हणाला, "बारक्या अजून कंपनीतून गेला नाही, पण बाबांचा शब्द आधीच सोडून दिला त्यानं." आणि दुसऱ्या दिवशी कडी उजवीकडे ठोकली. सांगितली तशी. एक शब्द विचारला असता तर काम झालं असतं. दोन्ही भावांच्या स्वयंपाकघरांमध्ये एकच भिंत आहे. इकडे चमचा पडला तर तिकडे ऐकू येतो.

तर स्टेजवर हे असं सगळे उभे. मास्तरीण म्हणाली की चूक माझी, मी शब्द बदलला. त्यावर दोघं भाऊ एका सुरात म्हणाले, तुझी काही चूक नाही. इतक्या महिन्यांत दोघांचं पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत झालं, आणि मग आपलं एकमत झालं हे लक्षात येऊन दोघंही दोन दिशांना निघून गेले.

कडी हलवणं म्हणजे चहा गार होईपर्यंतचं काम. थोरल्याचं म्हणणं, बारक्यानं स्वतः येऊन सांगावं, मी आत्ता हलवतो. धाकट्याचं म्हणणं, मी बरोबर सांगितलं होतं, चूक त्यांची आणि विनंती मी करायची? एक रंगभूषेच्या खोलीत जाऊन बसला, दुसरा हत्यारांच्या पेटीवर. आमचे जावईबापू मधल्यामध्ये चहाचे कप घेऊन फिरत होते. नाटकात मोठ्या भावाचं काम त्यांचं. एरवी त्यांचं औषधांचं दुकान आहे, आणि माणूस इतका सरळ की थोरल्याजवळ बसले की थोरल्याचं पटतं, धाकट्याजवळ बसले की धाकट्याचं. दोघांनाही वाटत होतं, जावई आपल्या बाजूला.

इकडे माझ्या सुनांचं वेगळंच चाललं होतं. मोठीला मास्तरीण कधी पसंत नव्हती. ही कपड्यांना इस्त्री करते ती पाठीवरची तेवढी करते, पुढचं विसरते, ही मोठीची कायमची तक्रार. पण त्या दिवशी मोठी तिच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली की तू बदललास एक शब्द, त्या दोघांनी तर बोलणंच टाकलंय, आता कुणी कुणासाठी रडायचं ते बघ. मास्तरीण हसली. मग दोघी मिळून माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, आई, तुम्ही सांगा त्यांना.

मी म्हटलं, मी सांगणार नाही, आणि तुम्हीही नाही. आजपासून एकाचा निरोप दुसऱ्याकडे कुणी न्यायचा नाही. तुम्ही पळताय म्हणून त्यांचं चाललंय. कुरियर कंपनी बंद. मोठी म्हणाली की मग नाटकाचं काय होणार. मी म्हटलं, ज्याचं नाटक आहे तो बघेल.

त्यानं बघितलंच. धाकट्यानं जावयांना बाजूला घेतलं आणि युक्ती सांगितली. शेवटच्या प्रवेशात तुम्ही झोपायला जाता, तेव्हा कडी काढूनच ठेवा. मी नुसता दार ढकलून येईन, कुणाला कळणार नाही. आणि दाजी, एकदा आडवे झालात की काही झालं तरी हलू नका, गेल्या तालमीत तुम्ही कान खाजवला होतात. जावयांनी मान डोलावली. काही झालं तरी हलणार नाही, असा शब्द दिला.

दुपारी पडदा उघडला. थिएटर भरलेलं. माझी लेक तिकिटांच्या खिडकीवरून मधूनच आत येऊन बघून जात होती. ते मालक पुढच्या रांगेत, मांडीवर टोपी, चेहऱ्यावर काहीच नाही. पहिला अंक छान रंगला. माझ्या वाक्यांना हशा आला, दोनदा टाळ्या आल्या, आणि मग भिंत उभी राहिली आणि माझं तोंड बंद झालं.

त्या खुर्चीची एक मजा आहे. भिंतीच्या टोकाशी बसलं की दोन्ही खोल्या दिसतात. इकडे खिडकीकडे धाकटा सामान बांधतोय. तिकडे जिन्याकडे जावईबापू अंथरूण घालतायत. आणि जावयांच्या मागे, विंगेत, हत्यारांच्या पेटीवर थोरला. प्रेक्षकांना तो दिसत नव्हता, मला दिसत होता. शर्टावर भुसा, हात गुडघ्यांवर.

शेवटचा प्रवेश आला. जावयांनी दिवा मालवला. दाराकडे गेले, ठरल्याप्रमाणे कडी काढली. अंथरुणाकडे वळले. आणि मग, देवा, हा माणूस रोज संध्याकाळी दुकानाचं शटर ओढतो, कुलूप लावतो, घरी जायला निघतो आणि चार पावलं जाऊन परत येऊन कुलूप ओढून बघतो. कित्येक वर्षांची सवय. ते थांबले, परत वळले, दाराकडे गेले, उघडी कडी बघितली आणि घट्ट लावली. ओढूनसुद्धा बघितली. मग समाधानानं येऊन आडवे झाले.

प्रेक्षकांना ते नाटकातलंच वाटलं असणार. घोळ झालाय हे जगात फक्त मला आणि थोरल्याला कळलं, आणि मला बोलायला बंदी होती.

धाकटा गाठोडं खांद्याला लावून दाराशी आला. माझ्याकडे एकदा वळून बघितलं, तसं नाटकातच आहे. मग दार ढकललं. दार हललं नाही. थोरल्याचं दार ते. त्यानं पुन्हा ढकललं, खांदा लावला. भिंतसुद्धा हलली नाही. प्रेक्षक समजत होते, मुलगा घर सोडताना अडखळतोय. मला त्याची मान दिसत होती, लाल झालेली. लहानपणी बटण उलटं लागलं की त्याची मान अशीच व्हायची, पण मदत मागणार नाही. त्यानं दारावर टिचकी मारली आणि ओठ न हलवता "दाजी" म्हटलं. दाजी म्हणजे दगड. शब्द दिला होता ना.

धाकट्यानं पुन्हा माझ्याकडे बघितलं. या वेळी ते नाटकात नव्हतं. मी समोर बघत राहिले. ओठ हलवले नाहीत. खुर्चीचे हात इतके घट्ट धरले की नंतर बोटं सरळ होईनात, पण ओठ हलवले नाहीत.

मग त्यानं फटीला डोळा लावला. त्या फटीतून अंथरूण दिसतं, आणि अंथरुणाच्या पलीकडे विंग. किती वेळ गेला कोण जाणे. त्यानं गाठोडं खाली ठेवलं.

"दादा," तो म्हणाला.

नाटकातल्या भावालाही दादाच म्हणतात, त्यामुळे प्रेक्षकांना काही वाटलं नाही. पण मी तो आवाज ओळखते. तो तालमीतला नव्हता.

"दादा, कडी काढ."

थोरला पेटीवरून उठला. प्रकाशात येताना त्याचे डोळे बारीक झाले, त्याला स्टेजवर उजेडात यायची सवय नाही. झोपलेल्या जावयांना वळसा घालून तो दाराशी गेला आणि कडी काढली. दार उघडलं. दोघं समोरासमोर. हे कुठल्याच पानावर नव्हतं.

मग थोरला हळूच म्हणाला, "मला उजवीकडे सांगितलं होतं."

"मी खिडकीकडे म्हटलं होतं."

"शब्द तिनं बदलला. पण मला वाटलं, तूच म्हणालास."

"मग विचारायचंस ना मला."

"तू तरी विचारलंस? पेपरात छापायच्या आधी?"

धाकट्यानं मान खाली घातली. म्हणाला, "अडगळ म्हणायला नको होतं."

"नको होतं," थोरला म्हणाला.

तेवढ्यात जावईबापूंनी डोळे न उघडता, पडल्या पडल्या, अगदी स्पष्ट आवाजात विचारलं, "मी आता हललो तर चालेल का?"

थिएटर कोसळायचं बाकी राहिलं. लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते, मागचे उभे राहिले. मोठी सून दिव्यांवर होती, तिनं शहाणपणानं अंधार केला, आणि पडदा पडला.

मालक आत आले. टोपी आता डोक्यावर होती. त्यांनी धाकट्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले की शेवट फारच धाडसी आहे, आणि तो सुताराचं काम करणारा नट कोण, अगदी खरा वाटतो. धाकटा म्हणाला, माझा भाऊ आहे. मालक म्हणाले, त्यांनाही आणा. आणि मग विचारलं, तर काय ठरलं तुमचं.

मी पदराशी चाळा करत उभी होते, जसं काही मला ऐकूच येत नाही. मास्तरीण कपड्यांच्या ढिगात, मोठी वायर गुंडाळत. सगळ्यांचे हात चालू होते आणि कुणाचंच काम पुढे सरकत नव्हतं.

"दादाशी बोलून सांगतो," धाकटा म्हणाला.

मालकांना हे उत्तर कळलं नसावं. ते बरं म्हणून गेले.

थोरला भिंत उतरवायला लागला होता. ओठांत स्क्रू धरून तो बिजागरी सोडवत होता. धाकटा त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला आणि सगळं सांगितलं: कंपनी मोठी आहे, कायमचं काम आहे, नाटकं त्याचीच करणार म्हणतात. थोरला ऐकत होता, पण डोळे स्क्रूवर.

"तिथलं स्टेज केवढं आहे?" त्यानं विचारलं.

"मोठं आहे."

"मोठं म्हणजे केवढं?"

धाकट्याला माहीत नव्हतं. थोरल्यानं तोंडातले स्क्रू हातावर काढले.

"माप न घेता हो म्हणणार होतास?"

"अजून म्हटलं कुठं."

"मग उद्या सकाळी जाऊन बघून येऊ."

"तू कशाला येतोस?"

"टेपचं दुसरं टोक कोण धरणार?"

धाकट्यानं दाराचं वजन आपल्या अंगावर घेतलं, म्हणजे थोरल्याला खालची बिजागरी सोडवता येईल. लगेच थोरला त्याच्यावर खेकसला की असं नाही, तिरकं धर. धाकटा म्हणाला, तिरकंच धरलंय. पुढं बराच वेळ ते तिरकं म्हणजे किती यावर चाललं होतं.

त्या मोठ्या कंपनीत एक जातो की दोघं, की तेच मालक उद्या आमच्या दारात येऊन बसतात, ते मी आज कशाला सांगू. मी मोठ्या सुनेला बाजूला घेतलं आणि म्हटलं, उद्या दोघांना सकाळी लवकर निघायचंय, डब्यांचं बघ.

ती म्हणाली, "एकच डबा देते आई. दोन दिले तर दोघं दोन बाकांवर बसून खातील."